आणखी एक वीट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. आता गप्प बसवत नाही, एवढंच.

स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षं झाली असतील. मुंबईच्या कलाशाळेतून मी आणि सुलभा एकदमच बाहेर पडलो आणि चौलला, तिच्या काकांच्या सुपारीच्या वाडीत, लाकडांवर चालणारी भट्टी बांधली. मातीची शिल्पं करायची, भाजायची — मडकी नव्हेत, देवही नव्हेत. शेजारच्या बायका येऊन विचारायच्या, "याचा उपयोग काय गो?" सुलभा हसून म्हणायची, "नुसतं बघायला हाय, काकी." मला मात्र राग यायचा.

त्या हिवाळ्यात तिनं एक बाई केली. गुडघ्यांना मिठी मारून उकिडवी बसलेली, कमरेइतकी उंच, आतून पोकळ. चेहरा जवळजवळ नव्हताच — तरी ती नुकतीच रडून थांबलीय, हे कुणालाही कळलं असतं. मुंबईहून प्रदर्शन भरवणारे एक गृहस्थ आले. त्या कच्च्या शिल्पाभोवती फिरत राहिले. मग माझ्या कामाकडे वळून म्हणाले, "सुबक आहे."

सुबक! अजून तो शब्द ऐकला की — जाऊ दे. "नीट भाजून निघाली की ही बाई मध्यभागी ठेवू," असं सुलभाला सांगून ते गेले.

भट्टी लावली. बाईबरोबर माझीही दोन लहान शिल्पं आत होती. विस्तव विझला की भट्टी सावकाश निवू द्यावी लागते. गार वारा आत गेला तर माती तडकते. हे आम्हा दोघींना पाठ होतं. सुलभा जागून जागून थकली होती. मीच म्हटलं, "तू घरी जा, झोप. मी आहे ना." ती निश्चिंत गेली. तेव्हाच माझ्या मनात काही होतं का? होतं की नव्हतं?

सकाळी गार वारा सुटला होता. भट्टीच्या तोंडाशी लिंपलेली एक वीट मी काढली. नुसतं आत बघायला — असं स्वतःला सांगितलं. थोड्या वेळानं आतून आवाज आला. टण्ण. बारीक, काचेसारखा.

तेव्हा थांबता आलं असतं. वीट परत बसवता आली असती.

मी आणखी एक वीट काढली.

मग दोन्ही जागच्या जागी लावल्या, ओल्या मातीनं लिंपल्या आणि हात धुतले.

भट्टी उघडली तेव्हा बाई खांद्यापासून कमरेपर्यंत फाटलेली. माझी शिल्पंही गेली होती — म्हणून तर कुणाला संशय आला नाही. सुलभा तुकडे मांडीवर घेऊन बसली. "कशानं झालं गं?"

"मातीत हवा राहिली असेल," मी म्हटलं. "तू घाईत मळलीस ना."

तिनं मान डोलावली. आणि मग — मग तिनं माझीच माफी मागितली! "माझ्यापायी तुझंही फुटलं."

"असू दे," मी म्हटलं.

मुंबईत प्रदर्शन झालं. मध्यभागी माझं काम. सुलभा रेवसहून लाँचनं आली, दिवसभर माझ्याबरोबर थांबली. मातीला तिनं त्यानंतर हात लावला नव्हता. पुढेही कधी लावला नाही. एका बाईंनी तिला सहज विचारलं, "तुम्हीही करता का असं काही?"

"छे हो," ती म्हणाली, "करून पाहिलं. माझ्या हातात नाही ते."

मी तिच्या शेजारीच उभी होते. हसले.