हिरासिंग ड्रायव्हरचं भेव

हिरासिंग राठोड कशालाही भीत नाही, असं घाटंजी तालुक्यातल्या त्याच्या तांड्यावर सगळ्यांचं मत होतं. त्याचं स्वतःचं तर होतंच होतं. तो वणीला कोळशाच्या खाणीवर टिप्पर चालवतो. चिखलाने लोण्यासारख्या झालेल्या उतारावरून भरलेला टिप्पर खाली आणताना त्याच्या तोंडातल्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची चव कधी बिघडली नाही. एकदा ब्रेक लागेनात, तेव्हा त्याने म्हणे फक्त टेप बंद केला. का, तर गाणं बेकार होतं. टिप्पर मातीच्या ढिगात घुसवून थांबवला आणि खाली उतरून आधी मिशा नीट केल्या.

असा हा बहाद्दर गेल्या दिवाळीनंतर, पायलीभर ज्वारीएवढ्या वजनाच्या एका जिवाला पाहून लटलट कापायला लागला. पोर झाली. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, देव, डॉक्टर आणि शेजारणी सगळ्यांचे सल्ले संपल्यावर झाली. दवाखान्यातल्या बाईंनी ती त्याच्या हातात दिली, तर हा म्हणाला, "नाई बाई, मले जड गाडीचं लायसन हाये. हे हलकं हाये."

पोरीचं नाव अर्पिता. पण तिच्या आधी घरात एक लेकरू होतंच. त्याचं नाव कंडक्टर.

कंडक्टर हे कुत्रं. खाणीजवळ कोळशाच्या ढिगात पिल्लू सापडलं, तेव्हा काळं आहे म्हणून हिरासिंगने आणलं, आणि बायकोने, वर्षाने, आंघोळ घातली तर तांबडं निघालं. पुढे ते टिप्परमध्ये डावीकडच्या सीटवर बसून फिरायला लागलं. डावीकडून कोणी मोटरसायकल घातली की भुंकायचं, म्हणून कंडक्टर. वर्षाला दिवस गेल्यावर हिरासिंगने त्याची ड्युटी बदलून घरी लावली. "मी तिकडं, तुमी दोघी बाया इकडं. घरात कोणी माणूस पायजे," असं तो म्हणाला होता. दोघी बाया म्हणजे वर्षा आणि याडी. याडी म्हणजे आई. हिरासिंगची आई रामीबाई, तिला सगळा तांडाच याडी म्हणतो. माणूस म्हणजे कंडक्टर.

बाळ घरी आलं आणि त्या माणसाचं पुन्हा कुत्रं झालं.

सुरुवात घाटंजीच्या बाजारात झाली. दाढी करता करता न्हाव्याने विचारलं, "घरी कुत्रं हाये ना तुह्या?" हिरासिंगच्या गळ्यावर वस्तरा होता, त्यामुळे त्याला हो म्हणता आलं नाही आणि उठून जाताही आलं नाही. कुत्रं कसं जळतं, इतके दिवस लाड झालेलं कुत्रं पाळण्याजवळ कसं जातं, अमुक गावात काय झालं, तमुक गावात काय झालं, हे त्याला डाव्या गालापासून उजव्या गालापर्यंत ऐकावं लागलं. घरी येऊन त्याने मोबाइलवर पाहिलं. मोबाइलचं एक आहे, तुम्ही त्याला एक भीती दाखवली की तो तुम्हाला शंभर दाखवतो. टिप्पर भरायच्या रांगेत बसून हिरासिंग तेच पाहायचा. पाहायचा, बंद करायचा, घाम पुसायचा, पुन्हा पाहायचा.

मग त्याने बंदोबस्त केला. त्याचे पूर्वज बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायचे, ती लदेणी. त्या काळातली, बैलाच्या गळ्यातली एक पितळी घंटी घरात देव्हाऱ्याजवळ होती. ती त्याने कंडक्टरच्या गळ्यात बांधली. म्हणजे कुत्रं कुठं आहे ते कळेल.

"कुत्र्याच्या गळ्यात लदेणीची घंटी?" रामीबाई कडाडली. "तुह्या आज्यानं पाह्यलं असतं तं तुलेच बैलाजागी जुपलं असतं."

"याडी, पोरीसाठी हाये."

"पोरीच्या गळ्यात बांध मग!"

घंटी बांधली खरी, पण भीती कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाली. घंटी वाजली की हिरासिंगला वाटायचं, निघालं पाळण्याकडे. घंटी थांबली की वाटायचं, पोचलं. सुटीच्या दिवशी घरी असला की तो जेवताना घास हातात धरून ऐकत बसायचा. वणीहून फोन करायचा तर पोरीची चौकशी नंतर.

"घंटी वाजून राह्यली का?"

"झोपलं हाये ते," वर्षा सांगायची.

"कुठं?"

"उंबऱ्यात."

"झोपलं का झोपल्यासारखं करून राह्यलं?"

"थांबा, इचारते त्याले," म्हणून वर्षा फोन कुत्र्याच्या तोंडाशी धरायची. तिकडून घंटीचा एक ठोका यायचा, आणि टिप्परमध्ये बसलेला तो एवढा मोठा मिशाळ माणूस, कोणी पाहत नाही ना हे बघून, डोळे मिटून घ्यायचा.

वर्षाला भीती नव्हती असं नाही. पण ती सगळा दिवस दोघांजवळ असायची, म्हणून तिची भीती कामाला लागलेली होती. पोरीला तेल लावताना ती कंडक्टरला दाराबाहेर बसवायची, त्याला भाकरी द्यायची, पाळण्याजवळ एकटं सोडायची नाही. हिरासिंगची भीती मात्र बिनकामाची, त्यामुळे ती नुसती वाढत होती.

संक्रांतीच्या सुमारास ते झालं. हिरासिंग दुपारी घरी आला. तांड्यावर लेकराला तपासायला येणाऱ्या आशाताईने सांगितलं होतं, लेकराला हात लावायच्या आधी हातपाय धुवा, कोळशाची धूळ वाईट. हिरासिंगला अर्धं काम जमत नाही. त्याने वासाच्या साबणाने दोनदा आंघोळ केली, पावडर फासली, धुतलेले कपडे घातले, तोंडाला रुमाल बांधला आणि डोक्यावर दवाखान्यातली ती फुग्यासारखी हिरवी टोपी चढवली. वर्षा मागे कपडे वाळत घालत होती. घर शांत होतं. फार शांत होतं. घंटी वाजत नव्हती.

तो पावलं न वाजवता आत गेला. कंडक्टर पाळण्याखाली होतं. मान वर, कान ताठ, डोळे पाळण्याच्या झोळीवर. पोर झोपली होती. हिरासिंगने हळूच हात पुढे केला, झोळीत घातला, आणि खालून आवाज आला. घशातून येणारा, बारीक, दगडावर दगड घासल्यासारखा. इतक्या वर्षांत ते कुत्रं त्याच्यावर कधी गुरगुरलं नव्हतं. त्याचे दात दिसत होते. ते दात आणि पोरीची झोळीबाहेर आलेली टाच यांच्यात वीतभरही अंतर नव्हतं.

हिरासिंगला ओरडता आलं नाही. त्याने एका हिसक्यात पोर उचलली आणि मागच्या दाराने बाहेर पळाला. पोर किंचाळायला लागली.

"तुमाले पाहून मीच गुरगुरली असती," वर्षा सगळं ऐकून, त्याच्याकडे पाहत म्हणाली. "रुमाल काय, टोपी काय! लेकरं चोराले आल्यावानी दिसून राह्यले तुमी. त्याले तुमचा डिझेलचा वास माहीत हाये, ह्या पावडरचा नाई."

पटण्यासारखं होतं. पण भीतीला पटत नसतं. त्याच दुपारी त्याने दोस्त बबलूला फोन लावला. बबलूचा केळापूरच्या बाजूला ढाबा आहे, त्याला राखणीला कुत्रं हवंच होतं. ठरलं, होळी झाली की कंडक्टर ढाब्यावर. वर्षाने ते ऐकलं. संध्याकाळी तिने कंडक्टरला दुधात भाकरी कुस्करून दिली आणि बराच वेळ तिथेच बसून राहिली.

होळीपर्यंत थांबायचं कारण धुंड. तांड्यावर वर्षभरात जन्मलेल्या लेकराचा धुळवडीला धुंड करतात. लेकराला मांडीवर घेऊन बसायचं, पुरुषांनी त्याच्या डोक्यावर एक लांब काठी आडवी धरायची आणि गाणं म्हणत, डफाच्या तालावर तिच्यावर आपापल्या काठ्या आपटायच्या. लेकराला आयुष्य मिळतं, धीट होतं. पूर्वी हा मान मुलग्यांनाच असायचा. रामीबाईने तांड्याच्या प्रमुखाला, नायकाला, विचारलं नाही, कळवलं. "माह्या नातीचा धुंड हाये. काठ्या मजबूत आणा."

धुळवडीच्या सकाळी हिरासिंगने कंडक्टरला घरामागच्या लिंबाला बांधलं. दोरी दोनदा ओढून पाहिली, मग तिसऱ्यांदा. पोरांनी तोवर हिरासिंगच्या तोंडाला हिरवा, मिशांना गुलाबी रंग फासला होता. चुलत भाऊ उत्तमसिंगने अंगावर अत्तराची अर्धी बाटली ओतली. पोरीला कोणाच्या मांडीवर द्यायचं यावरून वाद झाला, तेव्हा रामीबाई म्हणाली, "बापालेच बसवा. तेवढंच भेव मरंल त्याचं."

अंगणात पांढरी चादर ताणली होती. तिच्याखाली हिरासिंग मांडी घालून बसला. मांडीवर अर्पिता, झालरीचं टोपडं घालून, सगळ्यांकडे टकामका पाहत. डफ सुरू झाला. उत्तमसिंग आणि आणखी एकाने काठी आडवी धरली. खाड! पहिली काठी पडली. हिरासिंगचे खांदे कानापर्यंत गेले. खाड! खाड! हातभर वर काठ्या कोसळत होत्या. आपल्या लहानपणी आपल्या डोक्यावरही हेच झालं असणार, तरी आपण जगलो, असं तो मनाला सांगत होता. अर्पिताने ओठ बाहेर काढला. मग ती रडली, जिवाच्या आकांताने रडली. बाया हसल्या. धुंडात लेकरू रडतंच.

त्या डफात, त्या ओरड्यात, घंटी कोणालाच ऐकू आली नाही.

तांबडं काहीतरी माणसांच्या पायांतून घुसलं. गळ्यात तुटक्या दोरीचा तुकडा. उत्तमसिंगच्या नव्या पांढऱ्या पॅन्टचा एक पाय गुडघ्यापासून फाटला, उत्तमसिंग उताणा पडला, आडवी काठी निसटली आणि डफ बंद झाला. कंडक्टर हिरासिंगच्या समोर उभं होतं. अंगावरचे केस उभे. नाक अर्पिताच्या पायाशी. आणि त्याचे दात दिसत होते ते काठ्यावाल्यांना नाही, हिरासिंगला. हिरव्या तोंडाचा, अत्तराचा वास मारणारा कोणीतरी माणूस रडणाऱ्या पोरीला घट्ट धरून बसला होता.

कोणी हललं नाही. पोर रडत होती आणि पाय झाडत होती. एकेका लाथेने तिची टाच कुत्र्याच्या तोंडाला लागत होती.

"हलू नोको, हिरा," उत्तमसिंग पडल्या पडल्याच काठी चाचपत पुटपुटला. "टाळक्यात देतो एकच. देऊ का?"

हिरासिंगने तोंड उघडलं. आवाज नाही. काठी जरा चुकली तर पोरीवर पडणार. नाही चुकली तरी मरता मरता कुत्रं काय करेल? हे सगळं त्याला दिसत होतं, पण गळा बंद. ब्रेक फेल झाला तेव्हाही असा बंद झाला नव्हता.

"बोल ना बे! देऊ का?"

हिरासिंग गप्प. उत्तमसिंगने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. तो उठला. काठी दोन्ही हातांनी वर गेली. कुत्र्याने काठी पाहिली आणि आणखी पुढे, अगदी पोरीच्या अंगावर सरकलं.

आणि हिरासिंग फुटला. "अबे ए येड्या! दिसत नाई का बे तुले? खाली ठेव ते! सगळे खाली ठेवा, नाईतं एकेकाले टिप्परखाली घेतो!" वणीच्या रस्त्यावर आडव्या येणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला आवाज होता तो. पुढचे चार शब्द छापण्यासारखे नाहीत.

काठ्या जमिनीवर पडल्या. कंडक्टरचा एक कान आधी हलला, मग दुसरा. गुरगुर मध्येच अडकली. त्याने त्या हिरव्या तोंडाकडे पुन्हा पाहिलं, हुंगलं, शिंकलं, आणि शेपटी एकदा, फार शरमून, हलली. मग ते वळलं. हिरासिंगच्या गुडघ्याला पाठ लावून बसलं आणि गर्दीवर गुरगुरायला लागलं.

वर्षा पुढे आली. तिने पोर उचलली, पायाची बोटं एकेक करून पाहिली. टाच पाहिली. काही नव्हतं. तेव्हा कुठे ती खाली बसली.

"माह्या पॅन्टचं काय?" उत्तमसिंगने विचारलं.

"झालं? पाह्यलं?" रामीबाई म्हणाली. "आता धुंड पुरा करा. अर्धा ठेवत नसते."

"याडी, कंडक्टर काठी उचलू देत नाई," हिरासिंग म्हणाला.

"मग त्याले घेऊन तू जा."

"अन बाप?"

"धुंडाले काठ्या लागते. बाप नसला तं चालते."

अशा रीतीने पोरीच्या धुंडातून बापालाच हाकललं. तो कुत्र्याला गळ्याशी धरून तांड्याच्या टोकाला, सणाला घरी आणलेला टिप्पर उभा होता तिथे गेला आणि चाकाला टेकून बसला. बबलूचा फोन आला. मागे ढाब्यावरचा गोंधळ ऐकू येत होता.

"कवा आणतं बे कुत्रं? जागा करून ठेवली त्याले."

"नाई आणत."

"काहून? सरलं का भेव?"

हिरासिंगने कंडक्टरच्या छातीवर हात ठेवला होता. ती भात्यासारखी चालली होती. "सरलं गिरलं काई नाई," तो म्हणाला. "उलट वाढलं. त्याले माणूस ओळखू आला नाई तं काय करंल, हे आज पाह्यलं मी. आता पोरीजवळ एकटं सोडणं नाई. ना त्याले, ना मले."

"येडा झाला तू."

"हो," हिरासिंग म्हणाला आणि फोन ठेवला.

अंगणातून डफ पुन्हा ऐकू आला. पोर पुन्हा रडायला लागली. कंडक्टर उठलं, तर हिरासिंगने त्याला दोन्ही हातांनी कवेत धरलं. पहिली काठी पडली. खाड! दोघंही दचकले. मग दुसरी पडली.