मिरचीच्या पाण्याच्या गुळण्या

शाळेतून निवृत्त झाले त्याच वर्षी माझं तोंड जळायला लागलं. जिभेचं टोक, टाळू, ओठांची आतली बाजू. आरशात पाहावं तर काहीच नाही; ना फोड, ना लाली. शहाद्याच्या दोन डॉक्टरांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. मी तिखट सोडलं. आमची मिरचीची शेती, आणि मी चार महिने दूधभातावर.

शेवटी नंदुरबारला दातांच्या एका तरुण डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, तोंड ठीक आहे, तिथल्या नसा उगाच पेटल्यात. मिरचीतल्या तिखटपणाने त्या हळूहळू थकतात. कपभर पाण्यात चिमूटभर तिखट घालून गुळण्या करा. काहींना गुण येतो, काहींना नाही."

"जळणाऱ्या तोंडात मिरची?"

"आधी जास्त जळेल. फारच झालं तर थांबवा."

घरी मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "डॉक्टरनं डोकं फिरी गयं का?" पण पाणी त्याच करून देऊ लागल्या. पहिल्या दिवशी मी मोरीपाशी बसून अक्षरशः रडले. मग रोज सकाळी ते लालसर पाणी, डोळे मिटून गुळण्या. जळत होतंच, पाण्यामुळे की मूळचंच, कळेना.

दीड महिन्याने एकदा वरण-भाकरी खाल्ली, ताट उचललं, तेव्हा लक्षात आलं, तोंड जळत नाहीये. जाऊबाईंना सांगायला धावले, तर त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या.

"तुन्हं रडनं मन्हाघाई दखायनं नही. दुसरा दिनपाईन मी रंगनी मिरची टाकी ऱ्हायंतू. ती तिखी नही."

म्हणजे दुसऱ्या दिवसापासून मी नुसत्या रंगासाठी वापरतात त्या बिनतिखट मिरचीच्या गुळण्या करत होते. रागवावं की हसावं? डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले,

"रंगाच्या मिरचीतही थोडा तिखटपणा असतो. किंवा आपोआपच कमी झालं असेल. हा त्रास कधीकधी तसाही जातो."

"मग मला गुण कशाने आला?"

"खरं सांगू? मला नाही सांगता येणार."

अजून कधी दुपारी जीभ चुरचुरते, बहुतेकदा नाही. गुळण्या चालू आहेत. जाऊबाई कोणती मिरची घालतात, मी विचारत नाही. परवा शेजारच्या गल्लीतल्या एक बाई तसंच तोंड जळतं म्हणून आल्या. "तुम्ही काय केलं?" म्हणाल्या. मी बराच वेळ विचार केला आणि त्यांना डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला.