जायफळ जास्त नाही ना?

चूक माझीच. तापानंतर शेजारच्या काकांना वास आणि चव कळेनाशी झाली होती. तरी दर रविवारी ते कॉफीत नवं काही करून बघत, कधी दूध आटवून, कधी पूड आधी भिजवून. मग कप घेऊन माझ्या दारात. "जायफळ जास्त नाही ना रे? सगळं तुझ्या जिभेवर चाललंय." मी "मस्त!" म्हणायचो आणि ते वळले की कॉफी बेसिनमध्ये ओतायचो.

परवा त्यांच्याकडे शिवाजी पार्कातली मित्रमंडळी जमली. मीही होतो. "कॉफी आहे की काढा?" एकजण हसला. कप भरलेलेच राहिले. काकांनी फक्त माझ्याकडे पाहिलं आणि कप विसळायला घेतले.

या रविवारी ते पुन्हा आले. तोच प्रश्न. मी त्यांच्यासमोर घोट घेतला.

"काका, माफ करा. आजवर मी चाखलीच नव्हती. जायफळ फार झालंय."