आठ नंबरच्या नावावर फक्की

दुपारचे दोन. भाकरी-आमटी पोटात गेली आहे, पाठ खाटेला टेकली आहे, पण सर्जेराव इंगवलेचा डोळा काही लागत नाही. बारा वर्षं तालमीच्या फुटबॉल संघात मधल्या फळीत खेळला, आता वीस वर्षं कोच आहे. चार वाजता मारुतीपुढं फायनलची यादी वाचायची, आणि एकदा वाचली की फिरवायची नाही, ही पेठेची रीत. खिशातल्या यादीत आठ नंबरला अध्यक्षांचा पुतण्या आहे. पुतण्याला धड चेंडू अडवता येत नाही, पण काका अध्यक्ष. वर्षभर मधली फळी एकट्यानं ओढणारा इम्तियाज मुजावर बाकावर. कोचनं तोंड उघडलं तर उद्यापासून कोच दुसरा. असल्या अध्यक्षपणाला आग लागो, असं पुटपुटत सर्जेराव कूस बदलतो आणि पापण्या मिटतात.

स्वयंपाकघरातून कुणीतरी चुन्याची फक्की मारत येतंय. मैदानावरची पांढरी रेष चुलीपासून सरळ खाटेपर्यंत येते. टोकाला वाकलेले बाळकू वस्ताद, सर्जेरावाला खेळ शिकवणारे. जाऊन अकरा वर्षं झाली, पण मैदान आखायचं काम अजून दुसऱ्याला देत नाहीत.

"पाय वर घे. रेष मोडंल."

"मोडू दे," सर्जेराव म्हणतो. "तीस वर्षं विचारायचं राहिलंय. त्या फायनलला माझं नाव का कापलंत?"

खाटेचा आता बाक झालाय. समोर तीच फायनल चालू आहे. सर्जेरावाची आठ नंबरची जर्सी घालून तेव्हाच्या अध्यक्षांचा जावई धावतोय आणि चेंडू त्याच्या पायाखालून निसटतोय. सर्जेरावाच्या मांडीवर स्वतःचे बूट आहेत.

"अध्यक्षांनी सांगितलं," वस्ताद म्हणतात. "मी भ्यालो."

"आणि मला म्हणालात, तुझ्या गुडघ्यात दम न्हाई. ते खरं मानून वर्षभर लंगडत हिंडलो मी. धडधाकट माणूस, लंगडत. लाज वाटली न्हाई तुम्हाला?"

"वाटली की. घाल शिव्या, तुझा हक्क हाय."

सर्जेराव घालतो, पोटभर घालतो. वस्ताद शेवटपर्यंत ऐकून घेतात.

"झालं? आता सांग. इम्तियाजला काय म्हणालास?"

सर्जेराव बुटाची नाडी ओढत बसतो. सकाळीच सांगितलंय त्यानं. गुडघ्याला जरा विश्रांती दे, म्हणून.

"खेळ शिकवला मी तुला," वस्ताद म्हणतात आणि त्याच्या खिशात हात घालतात. "आणि तू हेच शिकलास व्हय?"

सर्जेराव घामाघूम होऊन उठतो. सव्वातीन. यादी काढून उलगडतो तर पुतण्याच्या नावावरून एक बोट आडवं फिरलेलं. पांढरं, जाड. बोट लावून बघतो. फक्कीच आहे.

तो ती झटकत नाही. त्या पांढऱ्यावरच पेन टेकवून मुजावरचं नाव लिहितो आणि फोन लावतो.

"इम्तियाज, गुडघा चांगला हाय तुझा. मी खोटं बोललो. बूट घेऊन ये."