दुर्पताबाईची टाकी

दवनीवाड्यात दुर्पताबाईचं नाव निघालं की बायका तोंडाला पदर लावून हसतात, आणि गाय माजावर आली की तिलाच फोन करतात. खांद्यापर्यंत हातमोजा चढवून गाई भरवणारी बाई. स्कुटीवर द्रव नायट्रोजनची टाकी, टाकीत गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या. कांडी काढून अर्धा मिनिट कोमट पाण्यात धरली की आतला थिजलेला जीव वळवळायला लागतो. बारा वर्षं ती हेच करते. फटकळ मात्र ती जन्मापासूनच आहे.

शेजारच्या ईश्वरदासला हे काम घाण वाटे. घरच्या चार गाईंसाठी त्यानं वळू पाळला, पण दुर्पताला पायरी चढू दिली नाही. "गावाले बट्टा लावला या बाईनं," असं पानठेल्यावर खुशाल सांगे. तीही तो दिसला की बाजूला थुंकायची. लपवाछपवी दोघांकडेही नव्हती.

मागच्या वर्षी त्याचा एकुलता एक लेक, चंद्रकुमार, गोंदियाच्या एका दवाखान्यात चार दिवस तापानं फणफणून गेला. नातेवाईक पोहोचेपर्यंत प्रेत ठेवायला घरी बर्फाची पेटी आणली. नातेवाईक आले, दुसरा दिवस उजाडला, तरी ईश्वरदास पेटीला हात लावू देईना. परदेशात माणसं थिजवून ठेवतात, पुढं औषध निघालं की उठवणार म्हणतात, हे त्यानं मोबाइलवर पाहिलं होतं. त्याला दुर्पताची टाकी हवी होती. त्याच्या बायकोनं, सुशिलाबाईनं, तिला बोलावलं ते वेगळ्याच आशेनं.

"आमचं कोनाचं आयकून नाई राहिले," ती दारातच म्हणाली. "तू सांग, बाई. पोराले जाऊ द्या म्हना."

दुर्पता स्कुटीवरची टाकी उचलून आत गेली. ईश्वरदास पेटीला टेकून बसला होता. "तू गोठलेलं जितं करते ना? माह्या पोरावर टाक ते."

दुर्पताला दया आली नाही, संताप आला. बारा वर्षं जे घाण होतं, ते आज औषध झालं! तिनं पेटीवरच्या हारातलं झेंडूचं फूल तोडलं, चिमट्यात धरून टाकीत बुडवलं आणि फरशीवर आपटलं. फुलाचा चुरा झाला.

"पाहा. अंगातलं पानी गोठलं का त्याच्या सुया होतात, आतून फाडतात. कांडीतला जीव डोयाले दिसत नाई एवढा. त्याले अंड्याचा बलक, ग्लिसरीन घालून जपतात. आन् तोही जिता असतानाच थिजवतात. मेल्यावर नाई."

ईश्वरदासनं मान वर केली. "जिता असताना? मंग चार दिवस तो जिता होता. तवा काऊन नाई आली तू?"

"बारा वर्सं पायरी चढू देली नाई तुमी. कशी येऊ?"

तोंडातून निघून गेलं. ईश्वरदासचा चेहरा पडला. "मंग मीच मारलं त्याले," तो म्हणाला आणि पेटीवरचा हात काढून घेतला.

दुर्पताला पक्कं ठाऊक होतं की त्या टाकीनं जिवंत माणूसही वाचला नसता, उलट तिथंच मेला असता. एक वाक्य पुरलं असतं. पण तिनं टाकीचं झाकण लावलं आणि ती पायरी उतरली.

दुपारी चंद्रकुमारला अग्नी दिला. माझ्या ताठ्यानं पोरगा गेला, असं ईश्वरदास आता येईल त्याला सांगत बसतो. भिंतीपलीकडून दुर्पताला सगळं ऐकू येतं. ते एक वाक्य तिनं अजून त्याला सांगितलेलं नाही.