खुंटीवरचा निळा शर्ट

“सर्व्हायकल मायलोपॅथी,” सर्जनबाई म्हणाल्या आणि एमआरआयच्या काळ्या फिल्मवर त्यांनी पेनाचं टोक टेकवलं. मानेच्या मणक्यांमधली जागा अरुंद होते आणि तिच्यातून खाली उतरणारा मज्जारज्जू दाबला जातो, असा त्याचा अर्थ. मान फारशी दुखेलच असं नाही. आधी बोटं अडखळतात, मग पाय.

मी आबांकडे पाहिलं. आबा म्हणजे माझे आजोबा, अलिबागेतले एकुलते एक कायरोप्रॅक्टर. मान, पाठ, कंबर हातांनी मोकळी करणारे. तो शब्द गावात कुणालाच धड म्हणता यायचा नाही, म्हणून लोकांनी त्यांना मानमोडे डॉक्टर करून टाकलं होतं. त्यांनी मान मोडली की आवाजाने समोरच्या नारळावरचे कावळे उडत. थळच्या एका बाईची मान वर्षानुवर्षं डावीकडे वळलेली होती. आबांनी ती सरळ केली आणि तिने लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्याला नीट पाहिलं. पुढे काय झालं ते मी लिहीत नाही. नवरा अजून हयात आहे.

अशा माणसाचा आजार घरात कुणाच्या लक्षात आला नाही, कारण त्यांनी तो टी-शर्टखाली लपवला होता.

जन्मभर कडक इस्त्रीचा शर्ट घालणारे आबा अचानक टी-शर्ट घालायला लागले. आम्हाला वाटलं, म्हातारा रंगात आलाय. मी तर त्यांना पोपटाचं चित्र असलेला एक आणून दिला. मग हातातून कप निसटायला लागला. चालताना ते ओटीवरच बोटीत असल्यासारखे डुलायला लागले. विचारलं की म्हणायचे, “वय झालं.” आणि रोज सकाळी स्वतःची मान स्वतःच मोडून घ्यायचे.

आता आबांची पद्धत सांगायला हवी. दारातून आलेल्या पेशंटला ते लगेच हात लावत नसत. आधी फाटकापासून ओटीवरच्या त्यांच्या स्टुलापर्यंत चालून दाखवायचं. मग खुंटीवरचा निळा शर्ट अंगात घालून बटणं लावून दाखवायची. कंबरदुखीवाला असला तरी सुटका नाही. बटणं लागली नाहीत, तर आबा सरळ सांगत, “याला मी हात लावणार नाही. मोठ्या हॉस्पिटलात न्या.” कारण मज्जारज्जू दाबलेला असताना मान मोडणं म्हणजे पेशंटला कायमचं अंथरुणाला खिळवणं.

एका सकाळी आबांच्या हातून चष्मा पडला आणि उचलताना पुन्हा पडला. बाकड्यावर पेशंट बसलेले होते. आजी आतून आली, तिने तो निळा शर्ट खुंटीवरून काढला आणि त्यांच्यासमोर धरला.

“घाला.”

“मला काय झालंय?”

“तेच बघायचंय. पोपट काढा आधी.”

आबांनी शर्ट घातला. पहिलं बटण धरलं, सुटलं. धरलं, सुटलं. बाकड्यावरचे लोक छताकडे बघायला लागले. शेवटी आबांनी हात खाली सोडले आणि स्वतःबद्दलच म्हणाले, “याला मी हात लावणार नाही. मोठ्या हॉस्पिटलात न्या.”

मांडव्याहून बोटीने आम्ही मुंबईला निघालो. आबांच्या गळ्यात पट्टा, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आजी. आबांना भेटायला इतके जुने पेशंट एकाच बाजूला जमले की बोट कलली. खलाशी ओरडला, “अर्धे लोक तिकडे जा. डॉक्टर कुठं पलून जात न्हाय.”

तपासण्या झाल्या, बाकं झाली, मशीनचा चहा झाला आणि मग ती फिल्म. सर्जनबाईंनी मान मोडून घेण्याबद्दल ऐकलं तेव्हा त्यांचं पेन थांबलं.

“आजोबा, तुम्ही इतरांना यासाठीच परत पाठवत होतात ना?”

“स्वतःला कोण पाठवणार?” आबा पुटपुटले. मग त्यांनी हात टेबलावर ठेवले. “हे परत मिळतील का?”

“ऑपरेशन आजार थांबवण्यासाठी आहे. त्याला डीकम्प्रेशन म्हणतात, म्हणजे दाब काढायचा. गेलेलं किती परत येईल, याचं वचन मी देत नाही.”

गोड बोलल्या असत्या तर मी विसरले असते. त्या खरं बोलल्या, म्हणून आजही त्यांना नमस्कार करते.

ऑपरेशनच्या वेळी आजी बाहेर बसून प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याची चाल तपासत होती. एका वॉर्डबॉयला तर तिने गुडघा दाखवून घ्यायला सांगितलं.

आबा उठले. पाय हळूहळू जमिनीवर विश्वास ठेवू लागले. बोटं मात्र रुसलेली. फिजिओथेरपीवाल्या मुलीने रबरी चेंडू दिला. आबांनी तो दाबला, कंटाळले, कुत्र्याला दिला. मग आजीने मोड आलेले वाल भिजवून पुढ्यात ठेवले. बिरड्यासाठी वाल सोलायचे म्हणजे साल निसटली पाहिजे, आतली डाळिंबी मोडता कामा नये. पहिले काही आठवडे आम्ही बिरडं नव्हे, पिठलं खाल्लं. मग डाळिंब्या अख्ख्या निघू लागल्या. आबा इतके वाल सोलायचे की पूर्ण आळी बिरडं खात होती आणि शेजारी जेवणाच्या वेळी दिवे बंद करून बसत.

आणि एका सकाळी, बाकडं भरलेलं असताना, आबांनी स्वतः तो शर्ट खुंटीवरून काढला. वरपासून खालपर्यंत बटणं लावली. या वेळी कुणी छताकडे पाहिलं नाही.

“एक काज चुकलंय,” आजी म्हणाली.

“लागलं ना?” आबा म्हणाले, आणि दोघंही डोळे पुसत हसली.

मान मोडण्याइतका नेमका हात परत आला नाही. आबा त्यानंतर कितीतरी वर्षं स्टुलावर बसले ते फक्त चाल बघायला, बटणं बघायला आणि वेळेत बोटीत बसवायला. शेवटी झोपेतच गेले, दुपारच्या जेवणानंतर. अर्थात बिरडं होतं.

तेराव्याला गर्दी झाली. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं एवढंच, त्या दिवशी आजीने केलं तेच करा. रेवदंड्याचे एक काका आत आले, तर त्यांची वरची दोन बटणं उघडी.

“लावून दाखवा.”

“वहिनी, उकडतं हाय.”

“लावून दाखवा.”

त्यांना जमलं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन बोटीत होते.

परवा ते ऑपरेशन होऊन आले. आजीने फाटकापासून त्यांची चाल पाहिली, शर्ट गळ्यापर्यंत बंद आहे हे पाहिलं, आणि वालांचं पातेलं त्यांच्यापुढे सरकवलं.

“बसा. स्टूल मोकळंच आहे.”