काशीची मिशी

अन्याय काशीवर झाला. आम्ही सातवीत असताना, स्नेहसंमेलनाच्या दुपारी, पडदा उघडायच्या दहा मिनिटं आधी.

काल खालापुरात पथनाट्यासाठी मिशी चिकटवताना डिंकाचा वास आला आणि ती दुपार समोर उभी राहिली. त्या संमेलनात आमचं, सावकाराला लुटून गरिबांना धान्य वाटणाऱ्या डोंगरातल्या बंडखोराचं विनोदी मूकनाट्य होतं. बंडखोर होती कातकरवाडीतली काशी. सावकाराच्या ढेरीखालून ती पोतं असं ओढायची, की तालमीत आम्ही हसून लोळायचो.

ऐनवेळी बाईंनी तिची मिशी उपटून प्रमुख पाहुण्यांच्या मुलाला लावली.

"फोटो निघणार आहेत गं. तू शेवटी पकडला जातो त्या चोराचं काम कर."

"बाई, त्यो बंडखोर आमच्या वाडीचाच व्हता."

"मग चोर शोभशीलच की!"

सगळे हसले. मीही हसलो. तिला दोरीनं बांधून स्टेजवर फिरवलं, तेव्हा टाळ्याही वाजवल्या. त्या वेळी ती गंमत होती. आज कळतं, त्या टाळ्यांनी आम्ही तिला शाळेतून हाकलत होतो. सोमवारपासून ती आलीच नाही.

तुमच्या गावच्या संमेलनात उभं राहून विचारा, वाडीवरच्या पोरांना नाटकात कोणती कामं दिलीत? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.